घरच्या स्टुडिओत टॅबलेट आणि ई-रीडर: कोणाकडून कोणतं काम घ्यावं

दोन्हींपैकी एकच घ्यायचं तर टॅबलेट घ्या. ई-रीडर कागदाची जागा घेतो, कॉम्प्युटरची नाही. पण कागदाचं काम तो टॅबलेटपेक्षा सरस करतो. काचेची चमक नाही, डोळ्यांवर ताण नाही आणि बॅटरीची चिंताही नाही.

अडतं ते आकारापाशी. ए४ पानाचा कर्ण १४.३ इंच. ६ इंची स्क्रीनवर स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेले स्वर) निम्म्याहूनही बारीक होतं, त्यामुळे असा रीडर गाण्याचे शब्द आणि कॉर्ड्स यापुरताच. १०.३ इंची रीडरवर पीडीएफचे समास कापले की वाचायला बरं पडतं, १३.३ इंचीवर पान जवळपास मूळ मापाचं दिसतं.

दुसरी अडचण पान उलटण्याची. ई-रीडरच्या ई-इंक (कागदासारख्या दिसणाऱ्या) स्क्रीनला नवं पान उमटवायला क्षणभर लागतो आणि १२०च्या टेम्पोला (मिनिटाला १२० बीट) एक बीट अर्ध्या सेकंदात निघून जाते. म्हणून पायाने पान उलटायचं पेडल एक बीट आधी दाबायची सवय लावावी लागते. जुन्या पानाची पुसट छाया राहत असेल तर दर पानाला पूर्ण रिफ्रेशची सेटिंग ठेवा. ब्लूटूथ पेडल म्हणजे यंत्राच्या लेखी कीबोर्डच. कित्येक रीडरचं ब्लूटूथ फक्त ऑडिओपुरतं असतं, तिथे पेडल जोडलंच जात नाही. विकत घेण्याआधी एवढं तरी तपासाच.

टॅबलेटला ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन जोडायचा डबा) क्लास-कम्प्लायंट लागतो, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरविना चालणारा. बहुतेक टॅबलेटना पोर्ट एकच, म्हणून चार्जिंग आत घेणारा हब लागतोच. इंटरफेस टॅबलेटच्याच विजेवर चालत असेल आणि त्यात कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्ट फँटम (माइकला त्याच्याच केबलमधून मिळणारी वीज) चालू केलं, की वीज अपुरी पडून आवाजात टिकटिक येते किंवा इंटरफेस मध्येच गायब होतो. हब लावल्यावर हेडफोनमध्ये घूं असा आवाज आला तर चार्जर काढून पाहा. आवाज गेला तर दोष चार्जरच्या वाटेचा. टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) बॅटरीवर घ्या, चार्जिंग नंतर.

बफर, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तेवढे आवाजाचे नमुने (सॅम्पल), रेकॉर्डिंगला १२८ ठेवा: ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुन्यांना, तो २.७ मिलिसेकंद होतो. खरखर आली तर २५६. मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४ चालतो, तिथे उशीर कोणाला जाणवत नाही. ब्लूटूथ हेडफोन मात्र मॉनिटरिंगला (रेकॉर्ड करताना स्वतःचा आवाज ऐकायला) अजिबात नकोत, त्यांत आवाज उशिरा पोहोचतो. जागेचा हिशेब असा: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६ एमबी खातो. चार मिनिटांच्या गाण्याचे आठ ट्रॅक म्हणजे सुमारे २७६ एमबी, तेही एका टेकचे. ६४ जीबीचा टॅबलेट बघता बघता भरतो.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. गायकाच्या तोंडासमोर उभा धरलेला टॅबलेट हा सपाट काचेचा तुकडा असतो. त्यावरून परतलेला आवाज माइकमध्ये शिरतो आणि मूळ आवाज पोकळ वाटायला लागतो. टॅबलेट माइकच्या खाली, एका बाजूला तिरपा ठेवा. माइकच्याच स्टँडला तो अडकवू नका, बोटाची प्रत्येक टकटक रेकॉर्ड होईल.

टेकपूर्वी विमान मोड लावा, पेडलसाठी ब्लूटूथ परत चालू करा आणि ऑटो-लॉक बंद करा.