कमिन्स ५.९ चं फुल इंजिन काम: एक साखर हंगाम ओढल्यानंतरचा अनुभव

टाटा ४०१८ चा घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी), मागे ट्रेलर, आत कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटर इंजिन, बीएस-३ (धुराच्या जुन्या सरकारी नियमातलं). गेल्या पावसाळ्यात कारखाने बंद असताना कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, त्याचं फुल इंजिन काम, म्हणजे सगळं इंजिन खोलून नव्यानं बांधणं, करून घेतलं. त्यानंतर गाडीनं अख्खा साखर हंगाम ओढला. जाताना न्हावाशेव्याला साखर, येताना स्टीलची कॉइल नाहीतर शिरोलीच्या फौंड्र्यांचा कच्चा माल. गाडीवाल्यांत एक वाक्य ठरलेलं आहे, "एकदा खोललेलं इंजिन परत कंपनीसारखं होत नाही." मला हे पटत नाही. होतं. फक्त मापं घेतली पाहिजेत आणि धुणं नीट झालं पाहिजे. या दोन गोष्टी राहिल्या तर कितीही महागडा पिस्टन सेट आणा, पैसे वाया जातात.

आधीची अवस्था सांगतो. गाडी सेकंडहँड घेतलेली. ऑइलचं झाकण काढलं की फुकायचं, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा सोडणाऱ्या नळीतून) धूर, म्हणजे सरळ बॅक कॉम्प्रेशन, पिस्टनवरचा दाब रिंगांतून खाली निसटतोय. दोन ऑइल चेंजच्या मध्ये वरून ऑइल घालावं लागायचं आणि लोड घेऊन पुण्याकडून येताना खंबाटकी चढायला लागली की मागं निळा धूर. खोलल्यावर कारण सापडलं. एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधला रबरी होज खालच्या अंगाला, क्लॅम्पपाशी चिरलेला होता. जुन्या मालकाकडे तो किती दिवस तसा चालला असेल कोण जाणे. टर्बोच्या थंड बाजूच्या चाकाच्या पात्यांच्या कडा धुळीनं खाल्लेल्या आणि पिस्टनची सगळ्यात वरची रिंग सगळ्यात जास्त झिजलेली. या दोन खुणा एकत्र दिसल्या की धूळ आत गेली हे नक्की समजा. कारखान्याच्या यार्डात बगॅस (उसाचा चोथा) उडत असतो, फौंड्रीच्या दारात वाळू. तिथं उभी राहणारी गाडी फिल्टर चुकवून हवा ओढत असेल तर ऑइल कुठलंही घाला, बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, जाणारच.

आता या इंजिनाची खासियत. याला लायनर (सिलिंडरमधली बदलता येणारी नळी) नाही, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात, चालतो. लायनरच्या इंजिनात जुना लायनर काढून नवा बसवता येतो, इथं ब्लॉकच बोअर करावा लागतो. मूळ बोअर १०२ मिमी. त्यावर ०.५ आणि १ मिमी ओव्हरसाइझचे पिस्टन मिळतात, त्याच्या पुढं गेलं की आतून स्लीव्ह (नळी) ठोकायची. म्हणजे ब्लॉकचं आयुष्य मोजून वापरायचं असतं. अंदाजानं "रिंगा टाकू, होन मारू, पळंल" (होन म्हणजे दगडानं बोअर घासणं) म्हणणाऱ्याकडे हे इंजिन देऊ नका.

आमच्या मेस्त्रींनी डायल बोअर गेज घेतला आणि प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली असा मोजला, तोही क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दिशेनं एकदा आणि आडवा एकदा. गोलाईतला फरक ०.०३८ मिमीच्या आत असेल तर चालतो. आमच्या दोन सिलिंडरांत तो कितीतरी पुढं गेला होता. आकडे त्यांनी खडूनं ब्लॉकवरच लिहिले आणि हाफ इंजिनचा, म्हणजे अर्धंच काम करून भागवायचा, विषय तिथंच संपला. सहाही बोअर ०.५ ला घेतले. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगात फिरणारे भाग: मेन ८३ मिमीचे, बिग एंडचे (कनेक्टिंग रॉड बसतात ते) ६९ चे. तेही सगळे मायक्रोमीटरनं बघितले आणि मगच क्रँक ग्राइंडिंगला गेला. माझं स्पष्ट मत आहे: ज्या गॅरेजात क्रँक न मोजता "ग्राइंड करूनच टाकू" म्हणतात, तिथून गाडी परत आणावी. चांगला क्रँक उगाच कापला जातो.

बोअरिंगला ब्लॉक देण्याआधी मेन बेअरिंगच्या बैठकीतली पिस्टन कुलिंगची छोटी नोझलं मोजून काढून ठेवा. पिस्टनच्या बुडावर ऑइलची पिचकारी मारून त्याला थंड ठेवणं हे त्यांचं काम. एखादं हरवलं किंवा कचऱ्यानं तुंबलं तर घाटात नेमका तोच पिस्टन तापून धरतो.

धुण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण काम टिकतं की बिघडतं ते इथं. होनिंग झालं की बोअरला बारीक तिरप्या रेघांची जाळी दिसते. ऑइल याच रेघांत धरून राहतं आणि होनच्या दगडाची पूडही याच रेघांत बसते. डिझेलनं धुतलेला ब्लॉक चकचकीत दिसतो, पण पूड रेघांतच राहते आणि नव्या रिंगा घासायला लागते. मेस्त्रींनी पाणी कढत केलं, त्यात कपडे धुवायची पावडर घातली आणि ब्रशनं एकेक बोअर घासला. मग हवा मारली, ऑइलचा हात फिरवला आणि पांढऱ्या कापडानं पुसलं. कापड करडं निघालं. परत पाणी तापवायला ठेवलं. मी म्हटलं, आता बास की. तर म्हणाले, "मालक, कापड पांढरं निघाल्याबिगर पिस्टन आत जात न्हाई." संध्याकाळ तिथंच गेली, पण त्या संध्याकाळीच माझा या कामावर विश्वास बसला.

या मालिकेच्या इंजिनात लक्ष द्यायची आणखी एक जागा आहे. टायमिंग गिअरच्या केसमधली एक डॉवेल पिन (केस जागेवर धरणारी खुंटी) वर्षानुवर्षांच्या हादऱ्यानं सरकून गिअरमध्ये पडू शकते. अमेरिकेत डॉजच्या पिकअपमध्ये १९८९ पासून हेच ५.९ आलं आणि तिथले लोक या पिनला किलर डॉवेल पिन म्हणतात. पुढचं कव्हर उघडलेलंच असतं, त्यामुळे पिनच्या तोंडावर छोटी पट्टी बोल्टनं आवळून घ्या. खर्च नगण्य, पण राहिलं तर अख्खा गिअर ट्रेन जातो.

हेडची प्रेशर टेस्ट, व्हॉल्व्हच्या सीट, गाईड हे नेहमीचं. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट इनलेट ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१ मिमी, थंड इंजिनावर. पंप आणि नोझल बेंचवर लावून घेतले, पण डिझेल वाढवू दिलं नाही. घाटात पिकअप मिळतो म्हणून बरेच जण वाढवून घेतात. जादा डिझेलची उष्णता पिस्टनच्या माथ्यावर आणि टर्बोवर येते, मग नव्या कामाचं काय राहिलं? थर्मोस्टॅटही काढू दिला नाही. "गाडी गरम होत नाही" म्हणून तो काढून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. पण इंजिन थंडच चाललं तर ऑइल खराब होतं, झीज वाढते आणि ॲव्हरेज पडतो.

चालवायला घेतल्यावर गाडी उभी करून तासन् तास आयडलला ठेवली नाही. रिंगा बसतात त्या लोडवर, आयडलवर बोअरला उलट काचेसारखी चकाकी येते. आधी हलका लोड, मग वाढवत नेला, आरपीएम कमी-जास्त ठेवला आणि पहिलं ऑइल लवकर बदललं. घाट चढून आल्यावर दोन-तीन मिनिटं आयडल ठेवूनच इंजिन बंद करायचं, हे ड्रायव्हरला आजही रोज सांगतो.

हंगाम संपल्यावरची स्थिती अशी. ऑइल चेंज ते ऑइल चेंज डिपस्टिकवर फरक जाणवत नाही. फुकणं बंद. ॲव्हरेज लोडवर लिटरला तीन किलोमीटरच्या आतबाहेर होता, तो साडेतीनच्या पुढं गेला. बोरघाट आणि खंबाटकी एक गिअर वर चढते, धूर फक्त गिअर टाकताना काळा, क्षणभर.

सगळंच गोड नाही. काही महिन्यांनी मागचा क्रँक सील पाझरायला लागला आणि क्लच प्लेटवर ऑइल आलं. गिअरबॉक्स खाली घ्यावा लागला, भाड्याचे दिवस बुडाले. सील बसवणाऱ्या फिटरनं सवयीनं ओठाला ऑइल लावलं होतं. या इंजिनाचा टेफ्लॉनचा सील कोरडाच बसवायचा असतो, क्रँकचा तो भाग पुसून कोरडा करून. दुसरा सील तसा बसवला, तेव्हापासून थेंब नाही. कामाच्या वेळी मालकानं स्वतः उभं राहून बघायची ही एक जागा.

बिलात निम्म्याहून जास्त पैसे सुट्या भागांचे गेले, मशीन शॉपचे त्या मानानं कमी. कोल्हापूरचा फायदा इथं कळतो. बोअरिंग, होनिंग, क्रँक, हेड, पंप हे सगळं उद्यमनगरात चालत जायच्या अंतरावर आहे. ऑइल इंजिनं घडवणाऱ्या गावात बोअर मोजता येणारा माणूस शोधावा लागत नाही.

हे सगळं बीएस-३ च्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाबद्दल. १ एप्रिल २०१७ नंतर बीएस-४ आणि २०२० पासून बीएस-६ आलं. त्यांत ब्लॉकचं काम इथं होईल, पण कॉमन रेलचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल सिस्टिमचे) इंजेक्टर, सेन्सर आणि युरियाची सिस्टिम यांच्यासाठी वेगळा माणूस, वेगळा स्कॅनर लागतो आणि खर्चाचं गणितही वेगळं होतं. आणि गाडी आठ वर्षांच्या पुढची असेल तर दरवर्षी फिटनेस आहेच. इंजिन खोलायच्या आधी चेसिसचे क्रॉस मेंबर आणि फिफ्थ व्हीलची (ट्रेलर अडकतो त्या चकतीची) बैठक धुऊन तडे बघून घ्या. तिथं वेल्डिंगवर वेल्डिंग दिसलं तर या इंजिनावर पैसे घालू नका.