आयर्न ८८३: घरी ऑइल बदलायला कशी गाडी आहे?

हार्ले-डेव्हिडसन आयर्न ८८३ बद्दल लिहिताना आवाज, ऐट आणि बसायची ढब यांवर पानंच्या पानं खर्ची पडतात. हे परीक्षण गाडीच्या खालच्या अंगाचं आहे. ट्रे सरकवून, पाना हातात घेऊन मालकाने स्वतः ऑइल बदलायचं ठरवलं, तर ही गाडी त्याला साथ देते का? देते, आणि चांगली देते. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना इंजिन, प्रायमरी (इंजिनची ताकद क्लचकडे नेणाऱ्या चेनचा कप्पा) आणि गिअरबॉक्स अशी तीन वेगळी ऑइलं लागतात. आयर्न ८८३ ज्यातली आहे त्या स्पोर्टस्टर घराण्यात प्रायमरी आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात, त्यामुळे काम दोन जागांवर येतं. कूलंट नाही, कारण इंजिन हवेवर थंड होतं. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, म्हणजे ऑइलच्या दाबाने आपोआप जुळतात, म्हणून व्हॉल्व्हचं सेटिंग नाही. फक्त दोन-तीन जागा अशा आहेत की तिथे घाई केली तर महाग पडते.

आधी इंजिन ऑइल. हे ड्राय सम्प इंजिन आहे, म्हणजे ऑइल इंजिनच्या तळाशी साठत नाही. ते सीटखाली उजवीकडच्या वेगळ्या टाकीत राहतं आणि पंप ते फिरवत ठेवतो. ही एक गोष्ट नीट कळली की पुढच्या निम्म्या चुका होत नाहीत. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर टाकीतलं थोडं ऑइल झिरपत इंजिनच्या तळाशी उतरतं. अशा वेळी थंड गाडीची डिपस्टिक काढून पाहिली तर पातळी कमी दिसते. माणूस घाबरून पाव लिटर ओततो, गाडी चालू करतो, तळाचं ऑइल परत टाकीत येतं आणि टाकी गरजेपेक्षा जास्त भरते. हे जादा ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडायच्या, वाटेने एअर फिल्टरमध्ये जातं आणि फिल्टरच्या डब्याखालून उजव्या बाजूला टपकू लागतं. 'इंजिन ऑइल खातंय', 'हेड लीक आहे' अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या कित्येकांचं मूळ एवढंच असतं. पातळी बघायची ती गाडी पूर्ण गरम झाल्यावर, मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवून, मग बंद करून. गाडी कशी उभी ठेवायची ते तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. दर वेळी तसंच करा. टाकीचं झाकण फिरवून निघत नाही. ते दाबून सोडलं की वर उचलून येतं, मग ओढून काढायचं. हे माहीत नसलेले लोक पकड लावून झाकणाचं वाटोळं करतात.

काढायचं ऑइलसुद्धा गरमच हवं. पंधरा मिनिटं चालवून आणली की ऑइल पातळ होतं, तळातलं टाकीत येतं आणि गाळही बरोबर निघतो. फक्त सायलेन्सर तापलेला असतो, तिथे कोपर लागणार नाही हे बघा. टाकीला आट्यांचा ड्रेन बोल्ट नाही. टाकीच्या बुडातून एक रबरी नळी खाली येते आणि एका बुटक्या खुंट्यावर क्लॅम्पने आवळलेली असते. क्लॅम्प सैल करायचा, नळी ओढायची आणि टोक ट्रेमध्ये धरायचं. बोल्ट नाही म्हणजे आटे जाण्याची भीती नाही, आणि ही या गाडीची मला सगळ्यात आवडलेली सोय आहे. मात्र नळीचं टोक वर्षांनुवर्षं तापून कडक होतं. टोकाला बारीक भेगा दिसल्या तर नळी बदला. मूळचा क्लॅम्प एकदा उचकटला की पुन्हा धड बसत नाही, म्हणून स्क्रूने आवळायचा साधा क्लॅम्प आधीच आणून ठेवा.

फिल्टर इंजिनच्या पुढच्या तोंडाला आहे. इथे गाडी गुण गमावते. फिल्टर सैल होताच त्यातलं ऑइल सरळ खाली फ्रेमवर आणि रेग्युलेटरवर सांडतं. जाड ॲल्युमिनियम फॉइलचं किंवा पुठ्ठ्याचं नरसाळं करून फिल्टरच्या खाली खुपसलं की धार ट्रेमध्ये उतरते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फिल्टरच्या शेजारीच क्रँक पोझिशन सेन्सर आणि त्याची वायर आहे. पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना फिरवताना तो सेन्सर ठेचला, तर गाडी चालूच होणार नाही. टोपीसारखा फिल्टरच्या डोक्यावर बसणारा पानाच वापरा. स्पोर्टस्टरच्या काळ्या फिल्टरचा पार्ट नंबर ६३८०५-८०ए, क्रोमचा ६३७९६-७७ए. नवीन फिल्टरमध्ये साधारण १२० मिली ताजं ऑइल ओतून घ्या, रबराला बोटाने ऑइल लावा, जुनं रबर इंजिनला चिकटून राहिलेलं नाही ना ते बघा. रबर टेकल्यावर हाताने अर्धा ते पाऊण फेरा. आवळायला पाना नको.

आता किती ओतायचं? मॅन्युअल २.८ क्वार्ट सांगतं, म्हणजे २.६५ लिटर, फिल्टर धरून. पण ड्राय सम्पमध्ये जुनं ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत निघत नाही. आधी २.३ लिटरच्या आसपास भरा, चालू करा, ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझतोय याची खात्री करा, रेस देऊ नका. गरम करून पातळी बघा आणि मग थोडं थोडं वाढवा. डिपस्टिकवर खूण जराशी खाली राहिली तरी चालेल, वर गेलेली चालणार नाही.

ग्रेड २०डब्ल्यू५०. आपल्याकडच्या हवेला हाच बरोबर आहे. कंपनीचा तक्ता ४ अंश सेल्सिअसच्या वर २०डब्ल्यू५० सांगतो, आणि १०डब्ल्यू४० थंडीच्या प्रदेशासाठी आहे. विदर्भातल्या मे महिन्यात पातळ ऑइल घालून 'गाडी हलकी पळते' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ट्रॅफिकमध्ये मागचा सिलिंडर भयंकर तापतो आणि तेव्हा जाडीच कामाला येते. प्रवासात ऑइल कमी पडलं आणि योग्य डबा मिळत नसेल, तर मॅन्युअलच डिझेल इंजिनचं ऑइल घालायची मुभा देतं, सीएफ-४ किंवा सीएच-४ दर्जाचं, १५डब्ल्यू४० सुद्धा. असं ऑइल हायवेवरच्या पेट्रोल पंपावर मिळून जातं. ही सोय फक्त इंजिनाच्या टाकीपुरती आहे, प्रायमरीसाठी नाही. ऑइल बदलायची मुदत ८००० किमी, नव्या गाडीला पहिलं १६०० किमीवर. शहरात रांगत चालणाऱ्या गाडीला मी ५००० च देईन.

पावसाळ्याची एक गोष्ट. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये रोज चार-पाच किलोमीटरच गाडी फिरत असेल, तर डिपस्टिकच्या झाकणाखाली पिवळट, लोण्यासारखा थर दिसतो. ते बाष्प ऑइलात मिसळून झालेलं असतं. इंजिन पुरतं तापतच नाही, म्हणून पाणी उडून जात नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवली की थर जातो.

आता प्रायमरी. या गाडीची खरी परीक्षा इथे आहे. डावीकडच्या मोठ्या कव्हरमध्ये प्रायमरी चेन, क्लच, आल्टरनेटर आणि त्याच ऑइलात गिअरबॉक्स, असा सगळा संसार आहे. ऑइल १ क्वार्ट, म्हणजे ९४६ मिली. आपल्याकडे डबे एक लिटरचे असतात, आणि 'एक क्वार्ट म्हणजे एक लिटरच की' असं धरून अख्खा डबा ओतला जातो. जास्त भरलं की क्लच ओढल्यावरही प्लेटा नीट सुटत नाहीत, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही आणि पहिला गिअर टाकताना धाडकन आवाज येतो. माप असलेलं भांडं घ्या.

खाली दोन गोष्टी जवळजवळ दिसतात. एक ड्रेन प्लग, दुसरा चेन ताणायचा स्क्रू आणि त्याचा लॉकनट. चुकून दुसरा फिरवला तर ऑइल निघत नाही, चेनचा ताण मात्र बिघडतो. म्हणून मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवूनच हात घाला. ड्रेन प्लगच्या टोकाला लोहचुंबक आहे. तो पुसण्याआधी उजेडात धरून बघा. काजळासारखी करडी, मऊ पेस्ट बोटाला लागली तर काळजी नको, ती रोजची झीज आहे. टोचणारे तुकडे किंवा पातर्‍या निघाल्या तर थांबा. या क्लचमध्ये प्लेटांच्या मध्ये एक रिव्हेट केलेली स्प्रिंग प्लेट असते. तिचे रिव्हेट सैल होऊन तुटणं हे स्पोर्टस्टरचं जुनं दुखणं आहे. तुकडे दिसत असताना नुसतं ऑइल बदलून पुढे गेलात, तर तेच तुकडे चेनमध्ये आणि गिअरमध्ये फिरतात. ऑइल काळंकुट्ट आणि करपल्या वासाचं असेल तर क्लच किंवा आल्टरनेटरची कॉइल तपासायला हवी. प्लग लावताना नवीन ओ-रिंग, आणि टॉर्क (आवळायचा जोर) मॅन्युअलप्रमाणे. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे.

भरायची जागा म्हणजे क्लचचं गोल कव्हर. त्याला टी२७ टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, सहा स्क्रू आहेत. कव्हर उघडण्याआधी गाडी सरळ उभी हवी. साइड स्टँडवर ती डावीकडे कलते आणि आत ऑइल असेल तर ते कव्हरमधून बाहेर येतं. अडीचशे किलोच्या पुढचं धूड एकट्याने सरळ धरून ठेवायचा विचार करू नका, जॅक घ्या किंवा पुढचं चाक अडकवायचा स्टँड. ऑइल ओतत गेलं की पातळी क्लचच्या गोल डायफ्राम स्प्रिंगच्या खालच्या कडेला टेकायला हवी. ९४६ मिली आणि ही कड जुळली की काम बरोबर झालं.

कव्हर उघडलंच आहे तर क्लचचं सेटिंगही करून टाका, वेगळा खर्च नाही. आधी केबल पूर्ण सैल करा. मधली स्प्रिंग आणि षटकोनी लॉकप्लेट काढा, स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने हलका अडेपर्यंत फिरवा, मग घड्याळाच्या दिशेने पाव फेरा परत. मोठ्या हार्लेंना दिशा उलटी असते, त्यामुळे इंटरनेटवरचा बिग ट्विनचा, म्हणजे मोठ्या हार्लेचा, व्हिडिओ बघून हे करू नका. शेवटी केबलला लिव्हरपाशी दीड ते तीन मिलिमीटरची मोकळीक ठेवा. चेनचा ताणही तपासा: थंड गाडीत वरखाली साडेनऊ ते साडेबारा मिलिमीटर. चेन फिरवून दोन-तीन जागी मोजा आणि सगळ्यात ताठ जागा धरून सेट करा.

कव्हर बसवताना रबरी सील खोबणीतून निसटतं आणि कव्हरखाली चिमटतं. खोबण कोरड्या कापडाने पुसून सील सगळीकडून बोटाने दाबत बसवा. सहा स्क्रू आडवे-तिडवे आवळायचे, टॉर्क ९.५ ते १२.२ न्यूटन मीटर. हे मनगटाच्या अंदाजाने होत नाही. या आट्यांचा बळी हाताच्या अंदाजानेच जातो, म्हणून छोट्या मापाचा टॉर्क रेंच हा या कामातला सगळ्यात वसूल होणारा खर्च आहे. सोबत इंचातले सॉकेट हवेत. मिलिमीटरचे 'जवळपास' बसतात आणि बोल्टचे कोपरे खातात.

प्रायमरीत कोणतं ऑइल? हार्लेचं फॉर्म्युला प्लस खास यासाठी आहे. स्क्रीमिन ईगल सिन३ हे कंपनीनेच इंजिन आणि प्रायमरी दोन्हींत चालतं असं सांगितलेलं आहे. एकच डबा आणण्याची सोय मोठी, पण माझं मत फॉर्म्युला प्लसच्या बाजूने आहे. गिअर मऊ पडतात आणि न्यूट्रल लवकर सापडतं. कारसाठीचं घर्षण कमी करणारं ऑइल मात्र इथे कधीच नको. क्लच त्याच ऑइलात बुडालेला आहे, तो घसरायला लागेल.

ब्रेकचं द्रव डॉट ४, दर दोन वर्षांनी. ते हवेतला ओलावा पितं. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा मुरल्यावर तोच १५५ पर्यंत येऊ शकतो. घाट उतरताना लिव्हर अचानक हँडलपर्यंत येण्याचं कारण हेच. २००६ पर्यंतच्या स्पोर्टस्टरमध्ये सिलिकॉनवालं डॉट ५ असायचं, त्यामुळे जुन्या गाडीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा, दोन्ही मिसळू नका. द्रव बदलताना वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएस असलेल्या गाडीत मोड्यूलमध्ये हवा शिरली तर ती काढायला कंपनीचं डायग्नोस्टिक यंत्र लागू शकतं. रंगावर थेंब पडला तर पुसू नका, लगेच पाण्याने धुवा.

पुढच्या फोर्कचं ऑइल घरी करण्यासारखं नाही. ते गॅरेजला द्या. काढलेलं साडेतीन लिटर काळं ऑइल बंद डब्यात भरून तेही गॅरेजलाच द्या, ते गटारात ओतायची वस्तू नाही.

हार्लेने २०२० मध्ये भारतातला स्वतःचा कारभार आवरला आणि विक्री-सेवा हिरो मोटोकॉर्पकडे गेली. आता आयर्न ८८३ मिळते ती वापरलेलीच. सौदा करण्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडायला लावा. आत ऑइलचं थारोळं असेल तर टाकी जादा भरली जात होती. मग क्लच कव्हरचे सहाही स्क्रू बघा, टी२७ ची चांदणी गोल झालेली असेल तर आतले आटेही तपासा. विकणारा तयार असेल तर प्रायमरीचा प्लग काढून त्याचं चुंबक बघा, आणि तो तयार नसेल तर किमतीतून क्लचचा खर्च आधीच वजा करून बोला.