सह्या-पत्रांचं जुनं दुकान, श्टुटगार्ट : चार स्टार, पाचवा का नाही ते शेवटी

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन अधिकाऱ्यांची पत्रं आणि सही केलेले फोटो मी गेली काही वर्षं जमवतोय, आणि त्यातलं बरंचसं इथल्याच एका दोन खोल्यांच्या दुकानातून घेतलंय. नाव मुद्दाम टाकत नाही. साठीच्या एक बाई चालवतात, कार्ड घेत नाहीत, रोख न्या, आणि शनिवारी दुपारनंतर गेलात तर बंद मिळेल.

पहिल्यांदा गेलो ते काही विकत घ्यायला नाही. मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून फील्डमार्शल रोमेलचं सहीचं पोस्टकार्ड 240 युरोला घेतलं होतं आणि घरी आल्यापासून मनात काहीतरी खटकत होतं. बाईंनी भिंग लावलं आणि मला म्हणाल्या तुम्हीच बघा. बघतो तर सहीची रेघ सलग नाहीच, बारीक बारीक ठिपके, म्हणजे फोटोबरोबर छापलेली सही! खऱ्या पेनाची शाई गुळगुळीत फोटोवर वळणापाशी जरा साचते, तिरकं धरलं की चमकते, ते यात काहीच नव्हतं. त्यांनी सांगितलं की नाइट्स क्रॉस हे शौर्यपदक मिळालेल्यांची अशी पोस्टकार्डं युद्धात ढिगाने छापली जायची, हिटलरचा फोटोग्राफर हॉफमन याच्या कंपनीनेही छापली, आणि काहींवर सहीसुद्धा छापीलच असायची. म्हणजे कार्ड जुनं असेलही पण सही नाही. त्या तपासणीचे एक पैसाही घेतला नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती युव्ही म्हणजे अतिनील उजेडाच्या टॉर्चची. युद्धानंतर कागदात पांढरेपणासाठी जे रसायन घालायला लागले ते त्या उजेडात निळसर पांढरं चमकतं, त्यामुळे 1943 चं म्हणून दिलेलं पत्र तसं चमकलं की विषय संपला. 1983 मध्ये श्टेर्न साप्ताहिकाने हिटलरच्या डायऱ्या म्हणून 93 लाख मार्क मोजले त्या खोट्या ठरल्या त्यातही कागदातलं हेच रसायन सापडलं होतं, आणि त्या लिहिणारा कुयाउ याच शहरात अशाच जुन्या लष्करी वस्तूंचा धंदा करायचा. हे ऐकल्यापासून मी टॉर्च खिशात ठेवतो.

किमतीचं गणित नवीन लोकांनी नीट समजून घ्या, नाहीतर पैसे जातात. रोमेल 14 ऑक्टोबर 1944 ला गेला, त्याला विष घ्यायला लावलं, म्हणजे त्यानंतरची सही असूच शकत नाही, म्हणून महाग आणि म्हणूनच सगळ्यात जास्त नकली. याउलट नौदलप्रमुख ड्योनिट्झ 1956 ला तुरुंगातून सुटला आणि 1980 पर्यंत हॅम्बुर्गजवळच्या आउम्युलेमध्ये राहून लोकांच्या पत्रांना उत्तरं देत होता, वैमानिक गालांड 1996 पर्यंत होता, दुसरा वैमानिक राल 2009 पर्यंत, त्यामुळे त्यांच्या युद्धानंतरच्या सह्या बऱ्याच फिरतात. बाई पाकिटावर स्पष्ट लिहितात, फोटो युद्धातला, सही नंतरची. हे सगळेच दुकानदार लिहीत नाहीत.

माझं मत विचाराल तर फोटो सोडा, पत्र घ्या. मी इथून 180 युरोला जनरल फॉन झेंगर उंड एटरलिनचं पन्नाशीच्या दशकातलं एक टाइप केलेलं पत्र घेतलं, शेवटच्या दोन ओळी आणि सही शाईची. इटलीत मॉन्टे कासिनोच्या लढाईत जर्मनांचं जे कोअर (काही डिव्हिजन मिळून झालेलं सैन्यदल) होतं त्याचा हा कमांडर, पहिल्या महायुद्धाआधी ऑक्सफर्डला शिकलेला, आणि फेब्रुवारी 1944 मध्ये त्या डोंगरावर आपली चौथी इंडियन डिव्हिजन चढत होती ती याच्याच माणसांवर. राजपुताना रायफल्स, गुरखे. एका जुन्या सैनिकाच्या तब्येतीची चौकशी आहे पत्रात, बाकी काही नाही, पण मी ते कितीतरी वेळा वाचलंय.

त्याहून जास्त जीव लावला तो एका साध्या हाउप्टमानच्या, म्हणजे कॅप्टनच्या, फेल्डपोस्ट (लष्करी टपाल) पत्राला, 25 युरो फक्त. सैनिकांच्या पत्राला तिकीट लागायचं नाही, पत्त्याच्या जागी नुसता पाच आकडी नंबर. अक्षर कुरेंट या जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या वळणाचं, जे आता बहुतेक जर्मन लोकांनाही वाचता येत नाही, तर बाईंनी आख्खं पत्र टाइप करून सोबत दिलं. बायकोला लिहितोय की दाढीची पाती पाठव आणि मुलाला नदीवर एकट्याला सोडू नकोस. एवढं काम करून वेगळे पैसे नाहीत.

नाझी चिन्हांबद्दलच्या इथल्या कायद्यामुळे स्वस्तिकाचे शिक्के दुकानात आणि साइटवर झाकलेले असतात आणि घेताना अभ्यासासाठी घेतोय अशी सही द्यावी लागते. मला हे बरोबरच वाटतं.

आता तक्रार. एकदोन फोटोंच्या मागे चिकटपट्टी लावलेली होती, ती कागद खाते, पण ते सांगितल्यावर थांबवलं. खरी तक्रार केसेलरिंगच्या फोटोसोबतच्या माहितीच्या कागदाची. त्यावर फील्डमार्शल, इटलीचा सेनापती, पदकं, सैनिकांचा लाडका, सगळं होतं, पण 24 मार्च 1944 ला रोममध्ये आर्देआतीनच्या गुहांत जर्मनांनी 335 माणसं गोळ्या घालून मारली, त्यासाठी 1947 मध्ये व्हेनिसला ब्रिटिश कोर्टाने त्याला फाशी सुनावली, मग जन्मठेप आणि 1952 ला सुटका, यातलं एक अक्षर नाही. मी बाईंना म्हटलं, सहीची शाई इतकी तपासता मग माणसाचं हे का गाळता? त्या म्हणाल्या घेणाऱ्यांना माहीत असतं. मला नाही पटत. मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि तो कागद फ्रेमबरोबर कुणाच्या तरी घरी जातो, तिथे पोरं वाचतात.

त्यांनी माझ्यासमोर पेन्सिलने दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या छपाईत घालते म्हणाल्या. ही ऑगस्टमधली गोष्ट. परवा शनिवारी परत गेलो, कागद तोच आहे, पेन्सिलच्या ओळी पण नाहीत. म्हणून चार.