शिवसागराकाठची गावं पाहायची, तर बामणोलीहून की तापोळ्याहून?

घरी पाहुणे आलेत, हातात एकच दिवस आहे, आणि कोयना धरणामागचं शिवसागराचं पाणी, काठची गावं, वरचे कडे असं सगळं एका फेरीत दाखवायचं आहे. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत साताऱ्यात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. दोन्ही ठिकाणी जलाशय तोच, बोटी तशाच, डोंगरही तेच. तरी दोन्हीकडचा दिवस वेगळा जातो. चुकीची बाजू निवडली तर निम्मा वेळ घाटात आणि उरलेला बोटीच्या नंबराची वाट बघण्यात जातो.

माझं मत आधीच सांगून टाकते. साताऱ्याहून सकाळी निघून रात्री घरी यायचं असेल तर बामणोली. मुक्काम महाबळेश्वरात असेल, किंवा एक रात्र पाण्याकाठी काढायची असेल, तर तापोळा. सांगली-मिरजेहून येणाऱ्यांना कोयनानगर हा तिसरा पर्याय सुचतो, त्याबद्दलही सांगते.

पाणी नेमकं कुठलं

कोयना धरणाचं बांधकाम 1960च्या दशकात पुरं झालं. धरणाची उंची 103 मीटर, साठा 105 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. धरण पाटण तालुक्यात, पण मागचं पाणी जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांत खोलवर शिरलेलं. हाच शिवसागर जलाशय. कोयना, सोळशी आणि कांदाटी अशा तीन नद्यांच्या खोऱ्यांत पाणी चढल्यामुळे त्याचा आकार हाताच्या बोटांसारखा झाला आहे. त्यामुळे कुठल्याही एका काठावरून सगळा जलाशय दिसत नाही. कुठून बघता यावर काय दिसेल ते ठरतं, म्हणून जागा निवडायला महत्त्व.

या पाण्याखाली गावं आहेत. घरं, देवळं, खाचरं सोडून लोक डोंगराच्या वरच्या अंगाला सरकले, कित्येक कुटुंबं जिल्ह्याबाहेर गेली. आज काठावर दिसणारं गाव बऱ्याचदा मूळ गावठाणाच्या वर वसलेलं असतं. पश्चिमेच्या काठावर रस्ते फार उशिरा पोचले. शाळा, बाजार, दवाखाना, सगळ्यासाठी लोक जिल्हा परिषदेच्या लाँचवर अवलंबून राहिले. घरटी एक तरी माणूस मुंबईला, पुष्कळसे माथाडी कामगार. यात्रेला सगळे परत येतात आणि एरवी शांत असणारी गावं दोन दिवस गजबजून जातात. ही गोष्ट ठाऊक नसेल तर बोटीतली फेरी म्हणजे नुसतं पाणी आणि झाडी.

बामणोलीची बाजू

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढलात की अजिंक्यतारा आणि खालचं शहर एका नजरेत येतं. पुढे कासपर्यंतचा रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो. एका अंगाला उरमोडीचं पाणी आणि पलीकडे सज्जनगड, दुसऱ्या अंगाला वेण्णा खोरं आणि कण्हेर धरण. बोटीत बसण्याआधीच दोन जलाशय पाहून होतात, आणि या रस्त्याची मला सगळ्यात जास्त किंमत वाटते ती याचसाठी. गाडी थांबवायला जागा आहेत, मात्र वळणावर थांबू नका.

साताऱ्यापासून कास पंचवीस किलोमीटर. कास तलाव म्हणजे सातारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा जुना आधार, तिथे पाण्यात उतरू नये. कासचं पठार 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आलं. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचा हंगाम असतो. त्या दिवसांत प्रवेशाचं आरक्षण आधी करावं लागतं आणि शनिवार-रविवारी रस्ता गाड्यांनी तुंबतो. तेव्हा फुलं आणि बोट एकाच दिवशी करायची असतील तर मधला वार गाठा. रविवारी दोन्ही करायला गेलात तर दोन्हीकडे घाई होते. पाऊस नुकताच सरला असेल तर भांबवलीचा वजराई धबधबाही याच अंगाला आहे, पण तो जोडला की बोटीचा वेळ कापला जातो.

पठार ओलांडून रस्ता उतरू लागला की झाडीतून शिवसागर दिसायला लागतो. साताऱ्यातून निघाल्यापासून दीड तासात माणूस काठावर.

बामणोलीत बोट क्लबच्या खिडकीवर दरफलक असतो. दर माणशी नसून बोटीमागे आणि ठिकाणानुसार. चार जणांच्या कुटुंबाला तो जड वाटतो, तेच आठ-दहा जण असले की अंगावर येत नाही. शेजारपाजारची दोन कुटुंबं मिळून गेली तर सगळ्यात बरं. छोट्या फेरीसाठी दत्तमंदिर, त्रिवेणी संगम, शेंबडीकडचा काठ अशी नावं ऐकाल. ती फेरी घ्या.

वासोटा मात्र छोट्या फेरीत बसवू नका. फलकावर नाव दिसलं की कुणीतरी म्हणतंच, 'चला, तेही करून येऊ.' बामणोलीहून बोटीनेच तास-दीड तास लागतो, पुढे जंगलातून चांगली दमवणारी चढण. किल्ला कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. वन खात्याची परवानगी लागते, मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत परतावं लागतं आणि पावसाळ्यात वाट बंद असते. शेजारच्या जुना वासोटा या डोंगरावर तोफा चढवून इंग्रजांनी 1818 साली हा किल्ला घेतला. किल्ला पूर्ण दिवसाचा मान मागतो. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर त्याचा डोंगर पाण्यातून बघावा. सकाळी ऊन पूर्वेकडून त्या कड्यांवर पडतं तेव्हा ते फार स्पष्ट दिसतात, आणि सकाळी सहसा वाराही कमी असतो. म्हणून बामणोलीला दहाच्या आत पोचणं फायद्याचं.

बामणोलीचं उणं काय? मुक्कामाच्या सोयी साध्या. जेवण घरगुती, आधी सांगितलं तर गरम भाकरी, पिठलं, जलाशयातले मासे मिळतात. ऐन वेळी दहा माणसं जाऊन बसलात तर थांबावं लागतं. मोबाईलला रेंज धड नसते. पेट्रोल साताऱ्यातच भरा, रोख पैसे जवळ ठेवा. एसटी आहे, पण एसटीने जाणार असाल तर परतीची वेळ आधी विचारून मगच बोट ठरवा.

तापोळ्याची बाजू

तापोळा महाबळेश्वरपासून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, पण सगळा उतार आणि वळणं. ज्यांना गाडी लागते त्यांना इथे नक्की लागते. साताऱ्याहून मेढा, केळघर, महाबळेश्वर असं करत गेलात तर ऐंशी किलोमीटरच्या वर होतात, म्हणजे जाताना अडीच-तीन तास आणि येताना तेवढेच. उरलेल्या वेळात बोट, जेवण आणि परतीची धास्ती. एका दिवसाच्या सहलीला साताऱ्याहून तापोळा मी सुचवत नाही ते याच हिशेबाने.

महाबळेश्वरात आधीच उतरला असाल तर गणित पालटतं. सकाळी बॅबिंग्टन पॉइंटवर उभं राहून सोळशी आणि कोयनेची खोरी वरून बघायची, मग त्याच खोऱ्यात उतरून पाण्याला हात लावायचा. वरून पाहिलेला देश तासाभरात खालून दिसतो. बामणोलीच्या रस्त्यावर असा अनुभव येत नाही. धुकं असेल तर वरून काही दिसणार नाही, पण खाली तापोळ्यात ऊन असू शकतं, म्हणून धुकं पाहून बेत मोडू नका.

तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते नाव पटत नाही. ही माती, ही कारवी, हा पाऊस सह्याद्रीचा आहे आणि तो स्वतःच्या नावाने बघण्याइतका मोठा आहे. पण जागा सुंदर आहे यात शंका नाही. सोळशीचं आणि कोयनेचं पाणी इथे जवळ येतं, त्यामुळे बोट थोडी पुढे गेली की एका वेळी दोन-तीन दिशांना पाण्याचे फाटे दिसतात. समोर कांदाटी खोऱ्याची सुरुवात. वलवण, शिंदी, उचाट, वाघावळे ही गावं तिकडे आत, त्यांच्यावर चकदेव आणि पर्वत हे डोंगर. अर्ध्या दिवसात त्या गावांत शिरता येत नाही, पण त्या तोंडाशी बोट जरा मंद करायला सांगा. खोऱ्याची खोली कळते.

मुक्कामासाठी तापोळा बामणोलीपेक्षा उजवं. कृषी पर्यटन केंद्रं, तंबू, घरगुती खोल्या असे पर्याय इथे अधिक आहेत. डिसेंबर ते मार्च स्ट्रॉबेरीचे दिवस, शेतात जाऊन फळ खुडता येतं आणि मुलं त्यातच रमतात. संध्याकाळी महाबळेश्वरहून आलेली गर्दी परत गेली की काठावर गावच उरतं. एक रात्र काढणाऱ्याला तापोळा खरं कळतं, धावतपळत येणाऱ्याला कळत नाही. सुट्ट्यांमध्ये दुपारी बोटीचा नंबर लागायला वेळ जातो, कारण महाबळेश्वरची माणसं जेवून एकदमच उतरतात. सकाळ धरा.

मुनावळे आणि कोयनानगर

मुनावळे बामणोलीच्याच पट्ट्यात. तिथे 2024 साली सरकारी जलपर्यटन केंद्र सुरू झालं. वेगाच्या बोटी, पाण्यावरचे खेळ आवडणाऱ्या कॉलेजच्या मुलांना ते आवडेल. गावं आणि काठ निवांत बघायचे असतील तर साधी, हळू चालणारी बोटच हवी. वेगात काठ नीट दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात बोटवाल्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

कोयनानगर सांगलीकरांना कराड-पाटणमार्गे सरळ पडतं. नेहरू उद्यानातून धरणाची भिंत समोर दिसते, पावसाळ्यात ओझर्डे धबधबा. पण काठच्या गावांची बोटीतली फेरी हवी असेल तर ती इथे नाही. तरीही सांगलीच्या माणसाने ही भिंत एकदा पाहावी. साठ्यातलं 67.5 टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवता येतं, ते डोंगराच्या पोटातून कोकणात पोफळीकडे जाऊन वाशिष्ठी नदीला मिळतं. उरलेलं कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून सांगलीला येतं. 2019 आणि 2021च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलावरची पाणीपातळी बघत ज्यांनी रात्री जागवल्या, त्यांना कोयनेचा विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, हा शब्द वेगळा समजावायला नको.

कधी जायचं

ऑक्टोबर ते जानेवारी. पाणी वर असतं, बोट काठाला जवळ लागते, म्हाताऱ्या माणसांना चढ-उतार थोडा. वीजनिर्मिती आणि सिंचनाला पाणी जात राहतं तसा काठ खाली खाली सरकतो. एप्रिल-मेमध्ये लाल मातीचा उघडा पट्टा लांबून दिसतो आणि बोटीपर्यंत उन्हात उतरावं लागतं. गुडघेदुखीवाल्यांना मे महिन्यात नेऊ नका. एक मात्र आहे: पाणी ओसरलं की जुन्या गावांच्या खुणा शोधायची हीच वेळ, आणि कुठेकुठे गाळपेराची, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरली जाणारी, जमीनही दिसते. ज्यांना या खोऱ्याचा इतिहास जाणून घ्यायचाय त्यांनी मुद्दाम उन्हाळ्यात, भल्या सकाळी जावं. पावसाळ्यात वारा-पाऊस असला की बोटी थांबतात, तेव्हा फक्त रस्त्याचा प्रवास होतो.

बोट ठरवताना

वाटाड्या म्हणून वेगळा माणूस सहसा लागत नाही, बोट चालवणाराच वाटाड्या. दोन्हीकडे बोटवाले याच काठच्या गावांतले असतात. खिडकीवर पावती फाडतानाच सांगा की आम्हाला गावं बघायची आहेत, सावकाश न्या, कुठलं गाव कुठे होतं ते सांगा. नंबर लावून बोटी सुटतात, त्यामुळे माणूस निवडता येत नाही, पण जो मिळेल त्याला विचारता येतं: 'दादा, तुमचं जुनं गावठाण कुठल्या अंगाला?' बहुतेक जण हात करून दाखवतात. बापाकडून, आजीकडून ऐकलेलं सांगतात: देऊळ कुठे होतं, ओढा कुठून यायचा, भात कुठे पिकायचं. पाहुण्यांना ते कान देऊन ऐकू द्या, मोबाईलवरची गाणी बंद ठेवा.

लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचं, पोहणाऱ्यानेही. बोटीत नेमून दिल्यापेक्षा जास्त माणसं बसवायचा आग्रह धरू नका. खाण्याचे पुडे, बाटल्या परत गाडीत. दत्तमंदिराच्या पायऱ्यांवर कचरा पाहिला की मला फार वाईट वाटतं, कारण तो झाडणारी माणसं तीच, ज्यांची शेतं या पाण्याखाली गेली. जेवणही महाबळेश्वरात किंवा साताऱ्यात परतून करण्यापेक्षा काठावरच्या घरात करा. फोन करून आदल्या दिवशी सांगितलंत तर ताट चांगलं मिळतं आणि पैसा गावात राहतो.

अजूनही ठरत नसेल तर बरोबर कोण आहे ते बघा. वयस्कर माणसं आणि एकच दिवस असेल तर बामणोली, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मधल्या वारी. लहान मुलं आणि दोन दिवस असतील तर तापोळा, स्ट्रॉबेरीच्या दिवसांत. ट्रेकवाली मंडळी असतील तर बामणोलीहून वासोटा, पण मग गावांची फेरी दुसऱ्या खेपेला. आणि पाहुणे सांगलीचे असतील, परत जाताना कराडवरूनच जाणार असतील, तर पहिल्या दिवशी बामणोली करून दुसऱ्या दिवशी त्यांना कोयनानगरची भिंत दाखवा आणि तिथूनच पाटणमार्गे निरोप द्या.