६५० डिग्रीचा लाल रंग

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला खाली आलो तेव्हा गाडीत जळका वास भरला होता. मागच्या सीटवर आई आणि दोन लेकरं. धुळ्याला लग्नाला निघालो होतो. आईनेच आधी विचारलं, "काय जळायलं रे?" मोकळी जागा बघून गाडी बाजूला घेतली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि वाकून पाहिलं. पुढच्या दोन्ही चाकांतून बारीक धूर येत होता. अलॉय चाकांच्या फटींतून कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारे लोखंडी भाग, दिसत होते. सहा दिवसांपूर्वी मी स्वतःच्या हातांनी लावलेला लालभडक रंग फुगून तपकिरी पडला होता आणि त्याच्या साली सुटत होत्या.

त्या रंगाच्या डब्यावर ६५० डिग्री उष्णता सोसतो असं लिहिलेलं होतं. तोच आकडा वाचून मी तो घेतला होता, आणि तोच आकडा वाचून अजून कुणीतरी घेणार आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

माझी गाडी जुनी स्विफ्ट. पुढे डिस्क, मागे ड्रम. अलॉय बसवल्यापासून गंजलेले कॅलिपर उघडे दिसायला लागले. आमच्या जालन्यात हवा कोरडी आहे, तरी बिडाचं लोखंड धुण्याच्या पाण्यानेही गंजतं. हा गंज वरवरचा असतो, त्याने ब्रेकला काही होत नाही, पण डोळ्यांना खुपतो. रंग घरीच मारायचं ठरवलं आणि कामानिमित्त संभाजीनगरला गेलो असताना एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात शिरलो.

दुकानदाराने समोर दोन डबे ठेवले. एक नावाजलेल्या कंपनीचा, त्यावर कमी डिग्री लिहिलेली. दुसरा लाल चकचकीत लेबलचा, त्यावर ज्वाळांचं चित्र आणि ठळक अक्षरांत ६५०. "सर, हे रेसिंगचं मटेरियल हाय. पाच वर्षं बघायचं काम नाही," तो म्हणाला. किंमत ८५० रुपये. पावती मागितली तर म्हणाला, "जीएसटीची पावती केली तर हजाराच्या वर जाईल." मी कच्च्या चिठ्ठीवर मान डोलावली. चिठ्ठीवर फक्त 'स्प्रे, १ नग' असं होतं. पैसे फोनवरून दिले. ते ज्या नावावर गेले ते दुकानाचं नाव नव्हतं, हे मला नंतर खात्याचा उतारा काढल्यावर कळलं.

घरी काम मी नीट केलं होतं. हे सांगणं भाग आहे, कारण पुढे सगळा दोष माझ्याच कामावर ढकलला गेला. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या, नट जमिनीवरच सैल केले, मग जॅक आणि खाली घोडी, म्हणजे गाडीचा भार पेलणारा लोखंडी टेकू. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणीही चाकाशी हात घालू नये. तारेच्या ब्रशने गंज काढला. तो करताना तोंडावर मास्क हवाच, पॅडची भुकटी छातीत जाते. मग पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर, कोरडं फडकं. ब्रेक ऑइलचा थेंबही राहता कामा नये, साधं डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल रंग खाऊन टाकतं. डिस्क, पॅड, पिस्टनचं रबर, गाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो), ब्लीडिंगचा निप्पल आणि होज पाइप एवढं टेप आणि वर्तमानपत्राने झाकलं. डिस्कवर किंवा पॅडवर रंग बसला तर ब्रेक धरत नाही. चाक हबला जिथे टेकतं तिथेही रंग नको, तो पुढे दबतो आणि नट सैल पडतात. पातळ तीन हात मारले, मध्ये पंधरा-वीस मिनिटं सोडली. रंग छान बसला. शेजारचे बघायला आले, मला बरं वाटलं.

सहा दिवस गावातल्या गावात काही झालं नाही, आणि ते साहजिक होतं. गावात कॅलिपर फारसा तापतच नाही. घाटात सतत ब्रेकवर पाय राहिला की डिस्क ३०० अंशांच्या वर सहज जाते, कॅलिपर त्याहून बराच कमी तापतो, तरी साध्या रंगाला तेवढी आच सोसत नाही. म्हणजे नकली माल गावात खपून जातो आणि त्याचं खरं रूप बाहेर पडतं ते उतारावर, घरची माणसं गाडीत असताना.

धुळ्याहून परतताना मी त्याच दुकानात थांबलो. त्याने चाकाकडे पाहिलं आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "सर, तुम्ही हार्डनर मारला नाही वाटतं. त्याच्याबिगर हा रंग धरतच नाही." घेताना हार्डनरचा, म्हणजे रंग कडक करणाऱ्या द्रवाचा, शब्दही निघाला नव्हता. मी तसं म्हणालो, तर "सांगितलं होतं की हो" असं ठामपणे उत्तर आलं. उन्हात आई गाडीत बसलेली, लेकरं कावलेली. मी ६५० रुपयांचा तो दुसरा डबा घेतला. आज त्या पैशांपेक्षा जास्त राग याचा येतो की त्याने माझं कामच चुकलं असं मला पटवलं होतं.

तो एवढ्यावर थांबला नाही. शेजारच्या गाळ्यातला फिटर बोलावला. त्याने चाकाजवळ हात नेला, मान हलवली आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दोन्ही कॅलिपर जाम हायत. पिस्टन अडकलाय. रातच्याला गाडी पेट घेईल, मावशी." दोन्ही बदलायचे साडेनऊ हजार. आईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "करून घे बाबा, पैशाचं काय."

इथे मी वाचलो ते एका साध्या गोष्टीमुळे. सहा दिवसांपूर्वी चाकं मीच खोलली होती आणि दोन्हीकडच्या गाइड पिन हाताने सरकवून पाहिल्या होत्या, त्या मोकळ्या होत्या. शिवाय कॅलिपर जाम असला तर ते चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापतं, गाडी एका बाजूला ओढते, ती पळायला जड लागते. यातलं काहीच नव्हतं. दोन्ही बाजूंचे कॅलिपर एकाच दिवशी, एकाच मापाने जाम होतील हे मनाला पटेना. मी म्हणालो, माझ्या मिस्त्रीला दाखवतो. त्यावर दुकानदार म्हणाला, "मग रस्त्यात काही झालं तर आमच्यावर येऊ नका."

जालना साठ किलोमीटर. हळू आलो, मध्ये दोनदा उतरून चाकं पाहिली. आमच्या मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी एकेक चाक उचलून हाताने फिरवलं. मोकळं फिरलं. ब्रेक दाबून सोडायला लावला, पुन्हा फिरवलं. पुन्हा मोकळं. "सर, एक रुपयाचं काम नाही ह्याच्यात. रंग जळाला, ब्रेक नाही जळाला. तुम्हाला भेडवायलेत ते." त्याने घासून रंग काढून दिला आणि मजुरीही घेतली नाही.

खरी गोष्ट त्या रात्री उघडी पडली. दोन्ही डबे गाडीच्या डिकीत राहिले होते. मे महिन्याचं ऊन आणि बंद गाडी. (असं करू नये. ५० अंशांच्या वर स्प्रेचा डबा फुटू शकतो, चांगल्या डब्यावर तशी सूचनाच असते.) त्या उष्णतेने लेबलचा गोंद सैल झाला होता. लाल लेबलचा कोपरा उचललेला दिसला. नखाने ओढलं. खाली डब्यावर छापलेलं दुसरंच लेबल निघालं: घरगुती वापराचा, लाकूड, लोखंड आणि प्लॅस्टिकसाठी लवकर सुकणारा रंग. डिग्रीचा कुठेही उल्लेख नाही. 'हार्डनर'चा डबाही तसाच सोलला. तो साधा क्लिअर वार्निशचा स्प्रे होता. म्हणजे मला सांगितलं होतं तसं केलं असतं, तर जळणाऱ्या रंगावर जळणारं वार्निश मारून मी पुन्हा घाटात गेलो असतो.

माझे साडू वाळूजला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये आहेत. त्यांना डबे दाखवले. त्यांनी जे समजावलं ते घेण्याआधी मला माहीत हवं होतं. उष्णता सोसणाऱ्या रंगात बहुतेक सिलिकॉनचं रेझिन (रंग धरून ठेवणारा चिकट पदार्थ) असतं. तो हवेत सुकतो पण पक्का होत नाही. पक्का व्हायला त्याला ठरावीक तापमानाला, टप्प्याटप्प्याने तापवावं लागतं. म्हणून खऱ्या डब्यावर किती डिग्रीला किती वेळ तापवायचं ते लिहिलेलं असतं. माझ्या डब्यावर ज्वाळा होत्या, ही ओळ नव्हती. दुसरं, सायलेन्सरसाठीचे फार उष्णता सोसणारे रंग जास्त करून काळे किंवा चांदीसारखे असतात. "लालभडक आणि ६५० म्हटलं की आधी कंपनीचा कागद मागायचा," ते म्हणाले. कॅलिपरसाठी एवढ्या डिग्रीची गरजच नसते. खऱ्या रंगावरचा कमी आकडा पुरेसा असतो, आणि मी त्या कमी आकड्यामुळेच खरा डबा बाजूला सारला होता.

त्यांच्या सांगण्यावरून अंगणात पत्र्याचे दोन तुकडे घासून एकावर माझा रंग मारला, दुसऱ्यावर त्यांनी आणलेला सायलेन्सरचा काळा. दोन्ही रात्रभर वाळवले, डबे लांब ठेवून सकाळी चुलीवर तापवले. माझा लाल तुकडा पाच मिनिटांत तपकिरी झाला, फोड आले, तोच घाटातला वास आला. काळ्याचा सुरुवातीला थोडा धूर निघाला, मग थांबला. गार झाल्यावर नखाने ओरखडलं तर लाल भुकटी होऊन निघाला, काळा जागचा हलला नाही. सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवले.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पावती आहे का? फोनवरून पैसे दिल्याची नोंद पैसे दिल्याचं सांगते, कशाचे दिले ते सांगत नाही. दुकानदाराचं उत्तर एका ओळीचं होतं: असा माल आम्ही विकत नाही. बंद पॅकच्या मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, किंमत आणि तक्रारीचा संपर्क छापणं बंधनकारक आहे. लाल लेबलवर यातली फक्त किंमत होती. तसा अर्ज फोटोंसह वैधमापन शास्त्राच्या (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या) कार्यालयात दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. तो अर्ज मी लिहायला घेतलाय. माझे पंधराशे रुपये सुटतील की नाही याची मला तेवढी फिकीर नाही. त्या दुकानाच्या फळीवर तसे दहा-बारा डबे होते, त्यांची आहे.

गेल्या रविवारी गल्लीतला एक पोरगा घरी आला. त्याला बुलेटचा सायलेन्सर रंगवायचा होता. हातात तसाच चकचकीत लेबलचा डबा, ज्वाळा, ६५०. दुकान दुसरं, जालन्यातलंच. त्याला उन्हात बसवलं, डबा ओल्या गरम फडक्यात गुंडाळून दोन मिनिटं ठेवला आणि कोपरा ओढला. खाली तोच लाकूड, लोखंड, प्लॅस्टिकचा रंग होता. "काका, पावती घेतली म्या," तो म्हणाला, आणि खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला.