सांगलीत प्लॉट घेताना: गुंठेवारी की एनए?

गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीविना तुकडे करून विकलेला प्लॉट स्वस्त पडतो, पण सातबारा बहुधा सामाईक असतो. मोजणी झालेली नसेल, तर तुमचा गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, नेमका कुठून कुठे हे फक्त विकणारा सांगतो. नियमितीकरणाचा दाखला नसेल तर बँका सहसा कर्ज देत नाहीत. असे तुकडे नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. त्यानंतरचे तुकडे त्यात बसत नाहीत, म्हणून ‘होईल नियमित’ या शब्दावर इसार देऊच नका.

एनए, म्हणजे अकृषिक लेआउटचा दर चढा असतो, पण रस्ते मंजूर नकाशात असतात. तो नकाशा मात्र महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळून घ्या.

पूर दोघांनाही सारखाच. भाग नकाशा (विकास आराखड्यातला त्या जागेचा भाग) आणि झोन दाखल्यासोबत (जागा निवासी की शेती) पूररेषाही तपासा: नदीजवळची निळी आणि तिच्या पलीकडची, मोठ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं घर बांधता येत नाही. निळ्या-लाल रेषांच्या मधे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच लागतं, आणि हा खर्च प्लॉटच्या भावात कुणीच धरत नाही. स्वस्त गुंठेवारी इथेच महाग पडते. नियमितीकरणाचा दाखला हातात असेल तरच ती घ्यावी, नाहीतर लहान का होईना, एनए.