टेंपल ऑफ हेवन, बीजिंग: देऊळ नंतर बघा, आधी बाग

टूरवाले इथे भरदुपारी आणतात, निळ्या छपराच्या गोल मंडपापुढे ग्रुप फोटो काढतात आणि परत बसमध्ये कोंबतात. आमचंही तेच झालं. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे ह्यांना उठवलं आणि पाच नंबरच्या मेट्रोने आपले आपण गेलो. पूर्व दरवाजाला लागूनच स्टेशन आहे. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा.

सांगलीत रोज आमराईत फिरायला जाणाऱ्यांनी तर ही सकाळ चुकवूच नये. लांबच लांब रंगीत ओवरी आहे, तिथे सगळं पेन्शनर मंडळ. पत्त्यांचे डाव पडलेले, पान आपटलं की आरडाओरडा. मागे उभं राहून फुकटचे सल्ले देणारे इथेही आहेतच! एक आजोबा लांब दांड्याचा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होते. ओळ संपेपर्यंत पहिली अक्षरं वाळून जायची.

पुढे सत्तरीच्या आजी ज्यान्झी खेळत होत्या. खाली धातूच्या चकत्या, वर पिसं, आणि ते हात न लावता पायाने उडवायचं. एकदा ते ह्यांच्याकडे आलं. जिना चढताना कुरकुरणारा गुडघा नेमका वर गेला आणि ह्यांनी परतवलं की हो! मग काय, हे तिथून हलेनात. मी सोबतचं भडंग फिरवलं. एका बाईंना ठसका लागला, तरी दुसरी मूठ घेतलीच.

मंडपाचं म्हणाल तर, सम्राट इथे चांगलं पीक यावं म्हणून प्रार्थना करायचा. हळद-द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. परिसर १४२० सालचा. मंडप १८८९ मध्ये वीज पडून जळाला, तो पुन्हा तसाच बांधला. उंची ३८ मीटर, लाकडी खांब २८. पण आत सोडत नाहीत. उंबऱ्याशी रेटारेटी करून अंधारात डोकवायचं, एवढंच. सामान्य माणसाला ही बाग १९१८ मध्ये खुली झाली, आणि माणसांनी तिचं सोनं केलंय.

बाग सहाच्या सुमारास उघडते, मंडप आठला. त्यासाठी एकत्रित तिकीट काढावं लागतं. टूर ठरवतानाच बीजिंगची एक सकाळ मोकळी मागून घ्या. नाही म्हणाले, तर रेशीम-मोत्यांच्या दुकानांना दांडी मारा.